कुठलं जास्त अवघड? पियानोच्या मोठ्या रचना आपल्या हाताला तोलून बघायची रीत

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या अनगोळहून एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. छत्री दाराशी टेकवायच्या आतच म्हणाले, “सर, पोरगं मूनलाइटचा तिसरा भाग वाजवालंय की. आता ला कॅम्पानेला धरू दे काय? नेटवर यादी बघितली, दोन्ही शेजारीशेजारीच आहेत.” मूनलाइट म्हणजे बेथोव्हेनची सोनाटा, ला कॅम्पानेला ही लिस्ट या संगीतकाराची रचना. मी मुलाला बसवलं. उजवा हात झकास पळत होता. दुसरी चाल आली, पळायचं काम डाव्याकडे गेलं आणि गाडी चोर्ला घाटात अडकल्यासारखी झाली. विचारल्यावर कळलं, आधी सहा वर्षं हार्मोनियम.

यादी करणाऱ्याने हा हात पाहिलेला नव्हता. आपल्या भागातल्या विद्यार्थ्याने अशा याद्या कशा वाचायच्या आणि दोन रचनांतली आपल्याला जड कुठली हे घरच्या घरी कसं ठरवायचं, ते इथे पायरीपायरीने लिहितो. पियानोच्या परीक्षांतली निदान आठवी ग्रेड किंवा तिच्या आसपास पोचलेल्यांसाठी हे आहे. त्याखालच्यांनी शिक्षक सांगतील ते वाजवावं, तुलनेच्या भानगडीत पडू नये.

आधी आपला हात ओळखा

पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा हार्मोनियमवादक बेळगावात होऊन गेला. त्यामुळे इथे घरोघरी नाही म्हटलं तरी गल्लोगल्ली पेटी आहे. शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, कुठूनही पियानो शिकायला येणाऱ्यांतले निम्मेअधिक पेटीवरून आलेले असतात. हा हात पियानोवर काही जमेच्या बाजू घेऊन येतो आणि काही उधारी.

जमेला काय? उजव्या हाताची चपळाई, कान, आणि लय. उधारी मोठी आहे. डावा हात वर्षानुवर्षं भात्यावर होता, त्याला स्वतःची बोटं आहेत हेच त्याला माहीत नाही. पेटीवर आवाज लहानमोठा होतो तो भात्याने, पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तसाच. पियानोवर ते सगळं बोटाच्या वेगावर. शिवाय पेटीचा सूर पट्टी दाबून ठेवली तोवर टिकतो, पियानोचा वाजल्या क्षणापासून विझत जातो. म्हणजे एकाच पंजातले चार सूर वेगवेगळ्या वजनाने वाजवणं आणि विझणारे सूर एकमेकांना जोडणं, ही दोन कामं पेटीवाल्याला शून्यापासून शिकायची असतात. याद्या करणारे ही कामं गृहीत धरून पुढे जातात.

परीक्षांच्या याद्या टाकाऊ आहेत असं नाही. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या परीक्षा घेणाऱ्या संस्थांच्या पहिली ते आठवी अशा ग्रेड आणि पुढे डिप्लोमा आहेत; म्युनिकचे प्रकाशक हेन्ले रचनांना १ ते ९ असे आकडे देतात. सुरुवातीची चाळणी म्हणून त्या वापरा. पण वरच्या टोकाला गेलं की एकेका आकड्याच्या पोटात फार अंतर मावलेलं असतं. तिथून पुढे स्वतःच मोजायचं.

एक वही घ्या. तुलना करायच्या प्रत्येक रचनेला एक पान.

पहिली पायरी: वेग आकड्यात मांडा

मेट्रोनोमचा, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्राचा, मिनिटाचा आकडा गुणिले एका ठोक्यातले सूर, भागिले ६०. सेकंदाला किती सूर पडतात ते निघतं. संगीतकार शोपँने आपल्या एट्यूडांवर (एकेक तंत्र घोटून घेणाऱ्या रचनांवर) वेग लिहून ठेवलेत, त्यामुळे सरावाला तेच घ्या. ओपस (प्रकाशनाचा क्रमांक) १० मधली पहिली: ठोका १७६, ठोक्याला चार सूर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ १२. दुसरी: ठोका १४४, सेकंदाला साडेनऊच्या वर. बारावी, म्हणजे ‘रेव्होल्यूशनरी’: १६०, पावणेअकराच्या आसपास. ओपस २५ मधली अकरावी, ‘विंटर विंड’: अर्ध्या सुराला (हाफ नोटला, म्हणजे दोन ठोक्यांच्या सुराला) ६९ आणि त्यात बारा सूर, जवळजवळ १४.

बेथोव्हेनच्या बाबतीत जपून. मूनलाइटवर त्याने मेट्रोनोमचा आकडा दिलेला नाही. ती १८०१ ची आणि मेट्रोनोम नंतर आला. उलट ‘हॅमरक्लाव्हियर’ सोनाटावर त्याने स्वतः अर्ध्या सुराला १३८ लिहिलंय आणि ते खरंच तसं वाजवायचं का, यावर वादक अजून भांडतात. अशा ठिकाणी दोनतीन चांगली रेकॉर्डिंग ऐकून ठोका स्वतः मोजा आणि त्यातला सर्वांत संथ घ्या.

आकडा लिहिला की लगेच निकाल देऊ नका. वरच्याच उदाहरणात पहिलीपेक्षा दुसरीचा वेग कमी आहे, तरी ज्यांनी दोन्ही हाताळल्यात त्यांतले बहुतेक दुसरीलाच जास्त घाबरतात. का, ते पुढे.

दुसरी पायरी: काम कुठल्या बोटांवर पडतंय

ओपस १०, क्रमांक २ मध्ये उजव्या हाताची मधलं बोट, अनामिका आणि करंगळी ही तीन बोटं सगळ्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यांवरून ओळीने चढतात-उतरतात, आणि त्याच हाताचा अंगठा आणि तर्जनी खाली सूर देत राहतात. म्हणजे हाताची दुबळी बाजू पळते आणि बळकट बाजू तिला अडवून धरते. सेकंदाला साडेनऊ सूर, पण ते सगळे अनामिका-करंगळीच्या जिवावर. पहिल्या एट्यूडीत सूर जास्त असले तरी पाचही बोटं वाटून घेतात आणि मनगट मदतीला येतं.

म्हणून नोटेशनवर पेन्सिलीने बोटांचे आकडे लिहा आणि एका पानावर ४ आणि ५ किती वेळा येतात ते मोजा. कंटाळवाणं काम आहे, पण वीस मिनिटांत होतं. पेटीवाल्यांनी अंगठाही मोजावा. पुष्कळ जण काळ्या पट्टीवर अंगठा टाकायला बिचकतात.

शार्प-फ्लॅट (सूर अर्ध्या पायरीने चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या खुणा) किती आहेत यावरून मात्र अवघडपणा ठरवू नका. काळ्या पट्ट्या लांब बोटांखाली आपसूक येतात. शोपँ विद्यार्थ्यांना आधी बी मेजर शिकवायचा. पाच काळ्या पट्ट्यांचं ते स्केल त्याला हाताच्या घडणीला सोपं वाटे आणि नुसत्या पांढऱ्यांचं सी मेजर सर्वांत अवघड. शूबर्टचं ओपस ९० मधलं तिसरं इंप्रॉम्प्टू (छोटेखानी पियानो-रचना) सहा फ्लॅटांचं आहे. १८५७ मध्ये ते पहिल्यांदा छापताना प्रकाशकाने लोकांना वाचायला बरं पडावं म्हणून जी मेजरमध्ये उतरवलं. वाचायला सोपं झालं, हाताला नाही. आपल्याकडे ‘काळी चार’मध्ये, म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्याची साथ करणाऱ्या पेटीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी: डाव्या हाताचा हिशेब

ही पायरी आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबतो.

मी स्वतः टिळकवाडीत एका खोलीत पेटीवर ‘नाथ हा माझा’ काढून मोठा झालो. विशीत पियानोवर आलो. पुढे कधीतरी शोपँच्या एट्यूडांची एक क्रमवारी हाती लागली, तिच्यात ‘रेव्होल्यूशनरी’ सोप्यांच्या बाजूला होती. म्हटलं, हीच धरू. त्या रचनेत उजवा हात ऑक्टेव्हमध्ये, म्हणजे सप्तकभर अंतरावरचे दोन सूर जोडीने दाबत, धून मांडतो आणि पळापळ डाव्याकडे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मी महिनाभर रोज दोन तास डाव्या हाताला झोडपलं. पाचव्या आठवड्यात कोपरापासून मनगटापर्यंत असा ताठरला की चहाचा कप उचलेना. पुढचे दोन महिने पियानो बंद. क्रमवारी तशी बरोबर होती; ज्यांचा डावा हात लहानपणापासून स्केल वाजवत आलाय त्यांना ती एट्यूड तुलनेने सोपीच आहे. कोणासाठी सोपी, हे विचारायचं मी विसरलो होतो.

तेव्हा वहीत दोन रकाने करा, उजवा आणि डावा. प्रत्येक पानावर डाव्याला सेकंदाला किती सूर आहेत ते वेगळं काढा. मग दोन्ही हातांचं स्वतःचं माप घ्या: सी मेजर स्केल चार सूर एका ठोक्यात, दोन सप्तकं, हात न आवळता प्रत्येक हात कुठल्या ठोक्यापर्यंत जातो. माझ्याकडे येणाऱ्या पेटीवाल्यांत उजवा १३२ ला आरामात असतो तेव्हा डावा ८० च्या पुढे धापा टाकतो. रचनेतला डाव्याचा वेग आपल्या डाव्याच्या मापाच्या दीडपटीहून जास्त असेल तर ती रचना तुमच्यासाठी यादीतल्यापेक्षा दोन पायऱ्या वर आहे असं धरा. दीडपट हा माझा अनुभवाचा आकडा आहे, शास्त्र नव्हे.

याची दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर पेटीवाले खट्टू होतील. शोपँच्या ‘फँतेझी-इंप्रॉम्प्टू’त उजवा हात एका ठोक्यात चार सूर वाजवतो आणि डावा तीन. परदेशी पुस्तकांत यावर पानंच्या पानं खर्ची घातलेली असतात. तबल्याशेजारी बसलेल्याला विचारा: उजवा बरोबरीत चालला असेल तर डावा पाऊणपट, बस्स. टाळी देऊन आधी तोंडाने म्हणा, मग मांडीवर दोन हातांनी वाजवा, मग पट्ट्यांवर. यादीत जी गोष्ट अवघड म्हणून मांडलेली असते, ती आपल्याला पदरात पडूनच मिळालेली असते. त्या रचनेत डाव्याचे पसरट सूर मात्र त्रास देतात. ते चौथ्या पायरीचं काम.

चौथी पायरी: पंजा मोजा

पट्टी घ्या, पंजा टेबलावर ताण न देता पसरा, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजा. वाजवताना बोटं वाकलेली असतात म्हणून मी त्यातून दोन सेंटिमीटर वजा करतो. पियानोची पांढरी पट्टी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद. त्या हिशेबाने ऑक्टेव्ह मध्यापासून मध्यापर्यंत साडेसोळा सेंटिमीटर, नववा सूर पावणेएकोणीस, दहावा एकवीसच्या वर. रचनेतला सर्वांत रुंद कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गट, शोधा आणि ताडून बघा.

रशियन संगीतकार रख्मानिनॉफचा पंजा प्रचंड होता आणि त्याच्या संगीतात तो दिसतो. दुसऱ्या कन्चेर्टोच्या (वाद्यवृंदासोबतच्या रचनेच्या) सुरुवातीचे कॉर्ड बरेच वादक हात पुरत नाही म्हणून खालून वर मोडून वाजवतात. त्याने १९०९ मध्ये तिसरा कन्चेर्टो लिहिला आणि योझेफ हॉफमनला अर्पण केला. हॉफमन त्या काळचा थोर वादक, पण हात लहान. पियानो बनवणाऱ्या स्टाइनवे कंपनीने त्याच्यासाठी अरुंद पट्ट्यांचे पियानो करून दिले होते. त्याने हा कन्चेर्टो जाहीर कार्यक्रमात कधीच वाजवला नाही. हॉफमनला एखादी रचना आपल्या हाताची नाही म्हणता येतं, तर आपल्या नववीतल्या मुलीलाही म्हणता यावं. तिला वर्षभर त्या कॉर्डांवर ताणत ठेवण्यात काही अर्थ नाही.

पाचवी पायरी: एका पंजात किती गळे

बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर’च्या पहिल्या भागात (१७२२) ई मायनरचा फ्यूग (एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात ती रचना) दोन आवाजांचा, सी मायनरचा तीन, सी मेजरचा चार आणि सी शार्प मायनरचा पाच. पाच गळे, दोन पंजे. वेग नगण्य, उड्या नाहीत, तरी पहिल्या चार पायऱ्यांत निसटलेली अवघड जागा इथे सापडते. कसोटी सोपी: मधला आवाज तोंडाने गुणगुणत बाकीचे वाजवा. जमलं नाही तर तुम्ही फ्यूग वाजवत नाही, पट्ट्या दाबताय.

शूबर्टच्या त्याच तिसऱ्या इंप्रॉम्प्टूत धून उजव्या हाताच्या करंगळी-अनामिकेकडे आणि त्याच हाताची उरलेली बोटं खाली अखंड झुळझुळत राहतात. धून वर तरंगायला हवी, झुळझुळ खाली पुटपुटायला हवी. भात्यावर वाढलेल्या हाताला हे भारी जातं. म्हणून याद्यांत ते मूनलाइटच्या तिसऱ्या भागाच्या खाली असलं तरी माझ्या वर्गात उलटं घडतं. मूनलाइट मुलं सहा महिन्यांत उभी करतात. हे इंप्रॉम्प्टू सूर बरोबर येऊनही दोन वर्षं कानाला टोचत राहतं. डेब्युसीच्या ‘क्लेर द ल्यून’चंही तेच. आणि मोत्झार्ट? पियानोवादक आर्टुर श्नाबेल त्याच्या सोनाटांबद्दल म्हणायचा, मुलांना फार सोप्या आणि मोठ्यांना फार अवघड. त्यावर जास्त बोलण्यात हशील नाही, वाजवून बघावं.

सहावी पायरी: उड्या, लांबी आणि शेवटचं पान

उडीचं अंतर आणि त्यासाठी मिळणारा वेळ, दोन्ही लिहा. लिस्टच्या ‘ला कॅम्पानेला’त, आज वाजवतात त्या १८५१ च्या रूपात, उजवा हात दोन सप्तकांच्या, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटरच्या उड्या घेतो, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

लांबीबाबत एकच: सर्वांत अवघड पान कुठे आहे ते बघा. शोपँच्या पहिल्या बॅलडचा शेवट, ‘प्रेस्तो कॉन फुओको’ (अतिजलद, आवेशाने), आठ मिनिटं वाजवून दमल्यावर येतो. तेच पान सुरुवातीला असतं तर रचना निम्मी सोपी झाली असती. म्हणून सरासरी काढू नका. वहीत सर्वांत वाईट पानाचा आकडा हाच रचनेचा आकडा.

सातवी पायरी: वाद्य आणि पाऊस

ग्रँड पियानोत पट्टी अर्धवट वर आली तरी पुन्हा सूर मारता येतो. ही यंत्रणा पियानो बनवणाऱ्या एरारने १८२१ मध्ये बसवली. अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. ‘ला कॅम्पानेला’तला एकच सूर भराभर वाजवण्याचा भाग किंवा रॅव्हेलच्या ‘स्कार्बो’ची सुरुवात अपराइटवर म्हणूनच जास्त छळते. आपल्याकडे ग्रँड किती जणांकडे आहे? बहुतेकांकडे डिजिटल, थोड्यांकडे कॅम्पातल्या जुन्या घरातून किंवा गोव्यातून आणलेले अपराइट. डिजिटलवाल्यांनी टच सेटिंग ‘लाइट’वर ठेवून स्वतःची फसवणूक करू नये. लाइट गेली की ते गप्प होतं, हा वेगळा विषय.

जून ते सप्टेंबर बेळगावची हवा लाकूड फुगवते, खानापूरकडे तर विचारायला नको. पट्ट्या जड होतात, एखादी खाली गेलेली वरच येत नाही. एक रचना जानेवारीत तपासली आणि दुसरी ऑगस्टमध्ये, तर तुम्ही रचनांची नाही, हवामानाची तुलना केलीत. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच वाद्यावर घ्या.

आठवी पायरी: आठ बारांची चाचणी

आतापर्यंत कागदावर होतं, आता पट्ट्यांवर. प्रत्येक रचनेतले सर्वांत वाईट आठ बार (नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधले तुकडे) निवडा. रोज प्रत्येकी पंधरा मिनिटं, सात दिवस. पहिल्या दिवशी पूर्ण वेगाच्या ४० टक्क्यांवर सुरू करा, तीनदा सलग बिनचूक आल्यावरच ठोका चार आकड्यांनी वाढवा. रोज शेवटी मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि वहीत दोन गोष्टी लिहा: कुठला ठोका गाठला, आणि खांदा, मनगट किंवा आंगठ्याचं मूळ आवळलं का. दुखलं तर त्या दिवशी तिथेच बंद. दुखणं बोटांचं खोलवर जातं. संगीतकार रोबेर्ट शूमानला उजव्या हाताच्या दुखापतीमुळेच वादक व्हायचं सोडावं लागलं होतं.

सातव्या दिवशी ७० टक्क्यांच्या वर, हात मोकळा: रचना घ्या. ५० ते ७० च्या मधे: आधी तिच्या जातीची एखादी लहान रचना करा. ५० च्या खाली, किंवा हात आवळलेला: वर्षभर बाजूला. दोन्ही रचना ७० च्या वर गेल्या तर ज्या रचनेचा ठोका चौथ्या दिवसानंतरही वाढत राहिला ती तुम्हाला सोपी. जी तिसऱ्याच दिवशी एका आकड्यावर येऊन रुतली ती जड, मग यादी काहीही म्हणो.

अनगोळच्या मुलाची चाचणी आम्ही तीन रचनांवर घेतली. ‘ला कॅम्पानेला’ सात दिवसांत ४५ टक्क्यांवर अडकली, आणि गंमत म्हणजे उड्यांपायी नाही; अनामिका-करंगळीच्या ट्रिलवर, म्हणजे दोन शेजारच्या सुरांच्या भराभर आलटापालटीवर. ‘रेव्होल्यूशनरी’ ४२, डावा हात दुसऱ्याच दिवशी जड. ‘फँतेझी-इंप्रॉम्प्टू’ ७४, पाऊणपट त्याला पहिल्याच संध्याकाळी बसली. वडील वहीतले आकडे बराच वेळ बघत होते. “म्हणजे कॅम्पानेला नको म्हणताय.”

“यंदा नको. दिवाळीपर्यंत रोज वीस मिनिटं फक्त डाव्या हाताचं काम, आणि हे इंप्रॉम्प्टू.”

“बरं,” ते म्हणाले. “खरं सर, हे म्हणायला जरा लांबलचक नाव आहे. घरात बायकोला काय सांगू?”

मुलगाच म्हणाला, “काळी एकमधलं म्हणून सांगा की.”